वाढत्या अंगाचं

अप्पांनी उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाच्या कुठल्या लेकराला टेप लावली नाही. मुरूमच्या बाजारपेठेत शाळेच्या गणवेशाचं दुकान, वडलांपासूनचा धंदा, गळ्यात टेप कायम लोंबकळत असलेली; पण ती नुसती शोभेला. जून उजाडला की आया आपापली पोरं पुढं ढकलत दुकानात यायच्या. अप्पा कानडीत "बर्री, बर्री", म्हणजे या या, म्हणत पोराच्या डोक्यावर उजवा हात ठेवायचे, त्याला जागच्या जागी एकदा गर्रकन फिरवायचे आणि आतल्या अंगाला मशीनवर बसलेल्या महेबूबभाईंना हाक द्यायचे, "अठ्ठावीस!"

पोर असायचं सव्वीसचं. अप्पा सांगणार अठ्ठावीस. शिवाय फ्रॉकला, चड्डीला खाली चार बोटं माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवून दुमड घालायला लावणार. आई कुरकुरायची, "अप्पा, बुजगावणं दिसतंय की वो पोरगं." अप्पा कापडाची घडी घालता घालता म्हणायचे, "इरली. वाढत्या अंगाला."

इरली म्हणजे असू दे. मुरूम म्हणजे कर्नाटकाच्या दारातलं गाव. अप्पा घरात कानडी बोलत, दुकानात मराठी, महेबूबभाईंशी दखनी. आणि गिऱ्हाईक फारच घासाघीस करायला लागलं की कुठलीच भाषा बोलत नसत. पण 'इरली' तिन्हीत चालायचं. भाजीत मीठ कमी पडलं, इरली. पाव्हणे न सांगता आले, इरली. टेप का लावत नाही असं मी एकदा विचारलं, तर कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्यांना आठ्या पडल्या. म्हणाले, "निजल्या माणसाला मोजत्यात बाई, शेवटाला. उभ्या लेकराला कशापायी मोजायचं? नेमकं मोजून नेमकं घातलं की अंग तितंच थांबतंय."

अप्पा गेले, त्याला आता वर्ष होऊन गेलं. माझी मुरूमच्या मुलींच्या शाळेत बदली झाली तेव्हा दुकानाच्या माडीवरची खोली त्यांनी मला भाड्यानं दिली होती. पहिल्याच भेटीत त्यांनी माझं नाव, गाव, विषय काही विचारलं नाही. माझ्या पदराचं टोक अंगठा आणि बोटात धरलं, चोळून पाहिलं आणि म्हणाले, "सूत हाय. ऱ्हावा." ही त्यांची सवय. कापड दिसलं की बोटात धरायचं. बसच्या खिडकीचा पडदा, पुढाऱ्याचा सदरा, लग्नात नवरदेवाचा शेरवाणी कोट, काही सुटायचं नाही. माणसं ओशाळायची, अप्पा मात्र कापडाशी बोलण्यात गुंग असायचे.

त्यांची एकुलती एक लेक दानेश्वरी. गुड्डापूरच्या देवीच्या नवसाची, म्हणून देवीचंच हे नाव. सगळे दानू म्हणायचे. मी आले तेव्हा ती सहावीत होती आणि मी तिची वर्गशिक्षिका. प्रार्थनेला मुली उंचीनं उभ्या राहतात, बुटकी पुढं, उंच मागं. सहावीच्या रांगेत दानू पहिली. त्यात काही विशेष नाही, कुणीतरी पहिलं असणारच. पण शेजारी पाचवीची रांग होती, आणि त्या रांगेच्या मध्यावरच्या मुलीसुद्धा दानूपेक्षा वितभर उंच होत्या.

मी मुळातच काळजी करणाऱ्यांतली. गॅस बंद केला का हे बघायला स्टँडवरून घरी परत आलेली बाई. त्यामुळे माझ्या काळजीवर माझा स्वतःचाच विश्वास नसतो. पण या पोरीकडे बघितलं की आत काहीतरी टोचत राहायचं. तिची मान रुंद होती, कानामागून खांद्यापर्यंत कातडीची झालर उतरल्यासारखी. केस मानेवर इतके खाली उगवलेले की दोन वेण्या घातल्या तरी मागं लव राहायचीच. तिच्या फ्रॉकची कॉलर इतर मुलींपेक्षा मोठी असे; ती अप्पा मुद्दाम वेगळी कापायचे. कान सारखा वाहायचा आणि कापसाचा बोळा घालून ती वर्गात बसायची. पाठांतरात पहिली, बोलण्यात तर विचारूच नका. नकाशा मात्र तिला जमायचा नाही. मी भूगोल शिकवायची. दानूनं जिल्ह्याचा नकाशा काढला की उत्तरेची येडशी खाली यायची आणि दक्षिणेचं मुरूम वर जायचं. मी रागावले की म्हणायची, "बाई, गाव कुठं जातंय? हाय तितंच ऱ्हातंय. मी जरा फिरवलं."

दानूची आई शारदाक्का, साऱ्या पेठेच्या अक्का. त्या तिच्या जन्माची गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगायच्या. "जल्मली तवा हात-पाय असे टम्म फुगलेले हुते बाई. सासूबाई म्हनल्या, गुटगुटीत हाय, लक्ष्मीची पावलं हायती. पायमोजं चढंनात पायात. यांनी दुकानातले सगळे काढून बघितले, येक बसंना."

तिच्या उंचीचा विषय काढला की अप्पा सहज वळसा घालायचे. "आमची आई बी येवढीच हुती." "उशिरा वाढणारं झाड आसतंय येकांदं." आणि अक्का ठामपणे म्हणायच्या, "वाढती की! दर साली फ्रॉकाचा नंबर वाढतोय. गेल्या साली अठ्ठावीस, यंदा तीस." ज्या घरात सगळं नंबरावर चालतं, तिथं यापुढं काय बोलणार? दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला पुन्हा माझी नजर त्या रांगेच्या टोकाला जायची.

त्याच वर्षी शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं. त्यातल्या डॉक्टरांनी दानूला भिंतीशी उभं केलं, उंची पाहिली, पुन्हा पाहिली आणि आई-वडलांना बोलावून घ्या म्हणाले. अप्पा आणि अक्का दोघं आले. डॉक्टर गर्दीत होते, मागं मुलींचा गोंगाट चाललेला. त्यांनी एवढंच विचारलं, "मुलगी दरवर्षी वाढते आहे ना? की थांबली आहे?"

अक्का म्हणाल्या, "वाढती की सायेब. कपड्याचा नंबर दर साली वाढतोय. आमचं दुकानच हाय गणवेशाचं." डॉक्टरांनी अप्पांकडे पाहिलं. गणवेशाचा दुकानदार, त्याच्यापेक्षा जास्त कोण सांगणार? अप्पा टेबलावरच्या चादरीची कड बोटात धरून उभे होते. त्यांनी मान हलवली, होकारार्थी. डॉक्टर म्हणाले, "मग ठीक आहे, खायला नीट घाला," आणि पुढच्या मुलीला हाक मारली. मला त्या दिवशी हायसं वाटलं. खरं सांगायचं तर माझी काळजी कुणीतरी परस्पर निकालात काढली याचं बरंच वाटलं.

दानू सातवीत गेली. त्या साली अक्कांनी सगळ्या पेठेत सांगितलं, बत्तीस लागला. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी सगळे जुने-नवे कपडे धुवायला काढले आणि माडीवर माझ्या खोलीसमोरच्या दोरीवर वाळत घातले. मी चहाचा कप घेऊन दारात बसले होते. समोर दानूचे तीन निळे फ्रॉक शेजारी शेजारी होते. एक पार विटलेला, एक मधला, एक यंदाचा. वारा पडला होता, फ्रॉक सरळ लोंबत होते. आणि तिन्हींच्या खालच्या कडा एका रेघेत होत्या.

मी उठून गळ्यामागच्या पट्ट्या पाहिल्या. अठ्ठावीस, तीस, बत्तीस. मग एकावर एक धरून पाहिले. खांद्याला खांदा, कडेला कड. तिन्ही फ्रॉक एकाच मापाचे होते, आणि तिन्हींची दुमड शिवली होती तशीच होती, एकीचाही टाका कधी उसवलेला नव्हता. दोन वर्षं ज्या नंबरानं आम्हा सगळ्यांचं तोंड बंद केलं होतं, तो नंबर नुसताच शिवलेला होता.

मी तशीच खाली दुकानात उतरले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. अप्पा शर्टाच्या घड्या घालत होते. मी म्हणाले, "अप्पा, दानूचे तीन फ्रॉक वर वाळतायत. तीन नंबराचे आहेत आणि एकाच लांबीचे."

आतलं मशीन थांबलं. अप्पांच्या हातातली घडी अर्धीच राहिली. त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "हळू बाई. अक्का हाय आत."

मग महेबूबभाईच बाहेर आले. पांढऱ्या दाढीतून हात फिरवत म्हणाले, "मैं बोल्या था बाई, अप्पा, ये नक्को करो. बच्ची पाचवीं में थी. उसकी सहेल्यांकू तीस आया, इसकू वहीच सव्वीस. कापने के टेबल के नीचे बैठके ऐसा रोई, ऐसा रोई. अप्पा ने उठके लेबल काढ्या, अठ्ठावीस का लगाया. बोले, एक साल की बात है. एक साल बोलके तीन साल लगाए."

मला राग आला होता. म्हणजे भीती वाटली होती, ती रागासारखी बाहेर आली. मी म्हणाले, "अख्ख्या गावाची पोरं तुम्ही नजरेनं मोजता. घरातली दिसली नाही तुम्हाला?"

अप्पा बाकावर बसले. बराच वेळ त्यांनी हातातल्या शर्टाची बाही चोळली. "दिसली न्हाय म्हंता बाई? चार वर्साची हुती तवापास्नं दिसतंय. गळा मोठा लागतोय. छाती रुंद हाय. हात सरळ सोडला तरी कोपरापास्नं भायेर जातोय, बाही फिरती. आन् उंची हाय तितंच. येवढी लेकरं बघितली म्या, आसलं अंग दुसरं बघितलं न्हाय. दुसरं येक जरी बघितलं आसतं तर भ्यालो नसतो."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"डाक्टर मोजणार. मोजलं न्हाय तवर वाढती म्हणता येतंय की वो."

मी एवढंच म्हणाले, दिवाळी झाली की सोलापूरला जाऊ, लहान मुलांच्या वाढीचे डॉक्टर असतात, त्यांना दाखवू. मी बरोबर येते. अप्पांनी 'इरली' म्हणून तो विषय टाळला असता तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक. ते म्हणाले, "अक्काला काय सांगू?"

अक्कांना त्यांनी काहीच सांगितलं नाही. कानाच्या दुखण्यासाठी जायचं, एवढंच ठरलं. बसमध्ये आम्ही चौघं होतो; दानू खिडकीशी बसून अखंड बडबडत होती. अप्पांनी नळदुर्ग येईपर्यंत पुढच्या सीटचं कव्हर बोटांतून सोडलं नाही.

सोलापूरच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी दानूला आत घेतलं आणि कानाकडे पाहण्याआधी तिच्याकडेच नीट पाहिलं. वेण्या उचलून मानेवरचे केस पाहिले. मानेच्या कडेची कातडी हलकेच धरून सोडली. हात सरळ करायला लावले, नखं पाहिली, तळहात पाहिले. रक्तदाब हाताचा घेतला आणि पायाचाही घेतला. पायाचा रक्तदाब मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. मग त्या अक्कांना विचारू लागल्या.

"जन्माच्या वेळी हातापायांना सूज होती का?"

"हुती की! गुटगुटीत हुती," अक्का हसून म्हणाल्या.

"कान वारंवार वाहतो?"

"व्हय. त्याच्यासाटीच आलोय."

"गणितात, नकाशात अडखळते?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणाले.

"हाताची कोपरं लहानपणापासून अशीच?"

"व्हय," अक्का म्हणाल्या. आता त्यांचं हसू गेलं होतं. प्रत्येक प्रश्नाला उत्तर होकाराचंच येतंय आणि समोरची बाई आधीपासून उत्तर जाणूनच विचारतेय, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. घरात ज्या ज्या गोष्टीचं कौतुक केलं होतं ती एकेक गोष्ट इथं उलटी होऊन त्यांच्यापुढं येत होती.

"उंचीचं काय? दरवर्षी किती वाढली? काही मोजून ठेवलंय?"

अक्कांनी तेवढा एकच आधार धरला. "ती मात्र वाढती डाक्टर. दर साली नंबर..."

"नंबर खोटा हाय," अप्पा म्हणाले.

ते कोपऱ्यात उभे होते. तपासणीच्या खाटेभोवतीचा हिरवा पडदा त्यांच्या मुठीत होता. त्यांनी अक्कांकडे पाहिलं नाही, डॉक्टरांकडेही पाहिलं नाही. खाली फरशीकडे बघत ते एकेक इयत्ता सांगत गेले. बालवाडीला वीस. पहिलीला वीसच, कापड जरा ओढलं. दुसरीला बावीस. तिसरीला चोवीस. चौथीला सव्वीस, तेही ढगळ. "तितनं पुढं सव्वीसच. पाचवीला सव्वीस, सहावीला सव्वीस, आता बी सव्वीस. वरची पट्टी म्या शिवली. हिची आई नंबर बघती. पोरगी बी नंबर बघती."

डॉक्टर लिहून घेत होत्या. अक्का अप्पांकडे अशा बघत होत्या की मीच नजर वळवली. तेवढ्यात खाटेवरून पाय हलवत दानू म्हणाली, "मला ठाव हुतं की."

अप्पांनी मान वर केली.

"तुमी लावलेलं लेबल टोचतंय अप्पा. महेबूबचाचानं लावलेलं टोचत न्हाय. तुमाला शिवाया येत न्हाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी लई हौसेनं लावत हुता," दानू म्हणाली.

रक्त काढलं, ते पुण्याला जाणार होतं, रंगसूत्रांची तपासणी. हृदयाची तपासणी झाली, डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे झाला. निकाल यायला वेळ लागेल, असं सांगून डॉक्टरांनी आम्हाला घरी पाठवलं.

ते मधले दिवस मला अजून नको वाटतात. अक्का अप्पांशी बोलत नव्हत्या. ताट वाढायच्या, समोर ठेवायच्या, आत जायच्या. अप्पा सकाळी लिंगपूजेला बसायचे ते उठायचंच विसरायचे. एकदा ढोकीकडून ऊसतोडीवरनं आलेली एक बाई पोराला घेऊन आली. अप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, फिरवलं आणि नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "महेबूबभाई, तुमी बघा." महेबूबभाईंनी टेप काढली. दानू मात्र नेहमीसारखी शाळेत यायची, रांगेत पुढं उभी राहायची, प्रार्थना सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची. तिच्या हृदयाचं काही निघालं तर, या एका विचारानं मी प्रार्थनेत ओठसुद्धा हलवत नव्हते.

निकाल घ्यायला आम्ही पुन्हा चौघं गेलो. डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं. बाईच्या देहात एक्स नावाचं रंगसूत्र जोडीनं असतं. दानूच्या देहात ते एकटंच आहे. टर्नर सिंड्रोम म्हणतात त्याला. उंची खुंटणं, ती मान, ती कोपरं, वाहणारा कान, जन्माच्या वेळची सूज, सगळं त्या एकाच गोष्टीतून आलेलं. हृदय आज चांगलं आहे, पण दरवर्षी बघावं लागेल. वयात येण्यासाठी पुढं गोळ्या द्याव्या लागतील. मूलबाळ अवघड आहे. हे त्यांनी दानूसमोरच सांगितलं. म्हणाल्या, शरीर तिचं आहे, तिला आधी कळायला हवं.

अक्कांचा आवाज बसला होता. "डाक्टर, पोटात हुती तवा गिराण हुतं. दुकानात गर्दी. म्या कात्री धरली हुती, कापड कापलं. सासूबाई मरस्तवर बोलल्या न्हाईत, पण त्यांच्या नजरेत हुतं. त्याच्यानं..."

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कात्रीनं नाही, ग्रहणानं नाही, तुमच्या खाण्यानं नाही, कुणाच्याच चुकीनं नाही. गर्भ धरतानाच हे होतं."

अक्का पदर तोंडाला लावून रडल्या. तेरा वर्षं पोटात ठेवलेली ती कात्री त्या दिवशी बाहेर पडली. अप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. एकाच घरात दोघं दोन भीती लपवून बसले होते, आणि एकमेकांना पत्ता नव्हता.

अप्पांनी मग एकच गोष्ट विचारली. "आता वाढंल का?"

डॉक्टरांनी पंजाचा एक्स-रे उजेडावर धरला. हाडांची टोकं अजून जुळली नव्हती. "उशीर झालाय. पाचवी-सहावीत आणली असती तर जास्त हातात होतं. पण दार अजून लागलेलं नाही. रोज एक इंजेक्शन, काही वर्षं. किती वाढेल ते आज सांगता येणार नाही." अप्पांनी दानूची बाही बोटात धरली आणि नेहमी कापड तपासायचे तशी चोळत राहिले.

इंजेक्शन रोज दिवेलागणीला द्यायचं होतं. अप्पांनी पहिल्या दिवशी इंजेक्शनचं पेन हातात घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं, तेव्हा दानूनं ते काढून घेतलं. त्यानंतर ती स्वतःच टोचून घ्यायची. अप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि "शिवा शिवा" म्हणायचे. "झालं अप्पा," ती म्हणायची. "झालं?" ते पुन्हा विचारायचे. औषध थंडाव्यात ठेवायचं होतं, आणि मुरूमची वीज म्हणजे आज आहे तर उद्या नाही. वीज गेली की अप्पा गिऱ्हाईक अर्ध्यावर सोडून इंजेक्शनचा डबा छातीशी धरून पेठेतून धावत दूध डेअरीकडे निघायचे; तिथं जनरेटर होता. धोतराचा सोगा एका हातात, डबा दुसऱ्या हातात, कपाळावरचं भस्म घामानं ओघळलेलं. पेठेतली माणसं हसायची, मग हसायची थांबली, आणि शेवटी शेवटी तर वीज गेली की डेअरीवालाच सायकल घेऊन दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहायचा.

डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी उंची मोजून कळवायला सांगितलं होतं. महेबूबभाई दानूला दुकानातल्या खांबाशी उभं करून टेप लावायचे. अप्पा त्या वेळी दुकानात थांबत नसत. रस्त्यापलीकडे पानाच्या टपरीशी पाठ करून उभे राहायचे, आणि ते पान खात नसत. महेबूबभाईंनी हाक मारली की परत यायचे, पण आकडा विचारायचे नाहीत. महेबूबभाई सांगायचे, "बोलूं क्या अप्पा?" अप्पा म्हणायचे, "नक्को."

मला त्या वर्षी रोज वाटायचं, काही होणार नाही. पोरीनं शेकड्यानं सुया टोचून घ्यायच्या आणि शेवटी रांगेत होती तिथंच राहायचं. आठवीला मुलींना फ्रॉक जाऊन निळा लांब स्कर्ट येतो. अप्पांनी दानूचा स्कर्ट कापला, महेबूबभाईंनी शिवला, आणि कमरेच्या पट्टीवर तीन वर्षांनी पहिल्यांदा खरा नंबर लागला. खाली चार बोटं माया ठेवून दुमड घातली होती. अक्का माझ्याजवळ हळूच म्हणाल्या, "कशाला ठिवत्यात हे? बघून जीव तुटतोय." पण त्या अप्पांशी आता पुन्हा बोलायला लागल्या होत्या, तरी या दुमडीचं मात्र त्यांना काही बोलल्या नाहीत.

पुढच्या जूनमध्ये माझी धाराशिवला बदली झाली. त्यानंतर मी अप्पांना पाहिलं नाही. ते गेल्याचं फोनवर कळलं तेव्हा धावत गेले, पण ते जाणं वेगळं. मला आठवतात ते माझ्या निघण्याच्या सकाळचे.

सामान टेम्पोत चढलं होतं. निरोप घ्यायला मी खाली उतरले तर दुकानाचं शटर अर्ध्यावर होतं. वाकून आत पाहिलं. दानू पाटावर उभी होती, भिंतीला हात टेकून, शाळेला उशीर होतोय म्हणून कुरकुरत. अंगावर वर्षभर वापरलेला, धुऊन धुऊन विटलेला तोच निळा स्कर्ट. अप्पा तिच्या पायाशी जमिनीवर मांडी घालून बसले होते. ज्यांनी जन्मात शिवणाला नीट हात लावला नाही ते अप्पा, नाकावर चष्मा, हातात ब्लेड, तोंडात उसवलेले दोरे, दुमडीचा एकेक टाका कापत होते. टेप गळ्यात नव्हती. ती दानूच्या कमरेपासून खाली सोडलेली होती आणि तिचं टोक अप्पांनी गुडघ्याखाली दाबून धरलं होतं. मशीनवर महेबूबभाई हात बांधून नुसते बघत होते. त्यांना या कामात कुणी घेतलं नव्हतं.

सुटलेलं कापड खाली आलं. वरचा स्कर्ट विटका, आणि खाली वर्षभर उन्हाला न लागलेली, नव्या कापडाची गर्द निळी पट्टी. अप्पांनी ती पट्टी अंगठा आणि बोटात धरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चोळत नेली.

"अप्पा, निघते मी," मी म्हणाले.

त्यांनी वर पाहिलं. तोंडात दोरे होते, ते एकेक करून काढले.

"चार बोटं ठिवली हुती बाई. दोन सोडली," ते म्हणाले, आणि उरलेली दुमड तळहातानं नीट दाबून बसवत, "दोन इरली."